कर्ता

मंगळवारी आणि गुरुवारी दुकानाची फळी पाडून
मी शाळेच्या तळघरात जाते, बॉयलरशेजारच्या खोलीत.
तिथे ओयुनदारी बाई आम्हा सात जणांना
अवघड इंग्रजी शिकवतात.
सोपं इंग्रजी दालनझदगादमध्ये आता कुत्र्यांनाही येतं,
खाणवाल्यांनी आणलं ते, टोप्या आणि गॉगलांबरोबर.
कम. गो. नो प्रॉब्लेम.

मला त्याच्या पुढचं हवं होतं.

सिगरेटच्या खोक्यांच्या पाठीवर शब्द लिहिते.
युबिक्विटस: जिकडे तिकडे असलेलं. समोर लिहिलं, धूळ.
मिटिगेट: कमी करणं. थांबवणं नव्हे.
कंपनीच्या पत्रात हा चार वेळा आलाय.
इर्रेव्होकेबल म्हणताना जीभ घसरते,
बर्फावर उंटाचे पाय फाकावेत तशी.

बाई म्हणाल्या, लायटोटीज. उणं करून सांगायचं.
'बरं आहे' नाही, 'वाईट नाही' म्हणायचं.
आम्ही हसलो. अहो बाई, गोबीत
दुसरं बोलतं कोण?
अर्धा कळप थंडीत आडवा झाला त्या वर्षी
चहात मीठ टाकत वडील म्हणाले होते,
"हिवाळा काही फार चांगला नव्हता."

मग झ्यूग्मा. एकाच क्रियापदाचं जू
दोन न जुळणाऱ्या जनावरांच्या मानेवर.
उदाहरण द्या, म्हणाल्या. मी उठून दिलं:
ट्रकांनी धूळ उडवली, आणि आमची झोप.
बाईंनी खडू खाली ठेवला. कुणीतरी टाळी वाजवली,
बहुतेक पोस्टातला त्सेरेननादमिद, त्याला सगळंच आवडतं.

पिरिऑडिक वाक्यात म्हणे
मुख्य गोष्ट शेवटपर्यंत धरून ठेवायची,
वाचणाऱ्याला ताटकळवायचं.
आमचं क्रियापद शेवटीच बसतं, मी म्हटलं,
तंबूत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं, दाराशी.
आम्ही जन्मभर ताटकळतोच.

तेव्हा मी कंपनीचं उत्तर काढलं,
गेल्या उन्हाळ्यात आलेलं, घड्यांवर फाटत चाललेलं.
'गैरसोय झाली असल्यास खेद व्यक्त करण्यात येत आहे.
भूजल पातळीत घट नोंदवली गेली आहे.'
बाईंनी लाल पेनाने प्रत्येक वाक्यात एक गोल काढला,
रिकामा.
कर्मणी प्रयोग, म्हणाल्या. यातला कर्ता
घर सोडून गेलेला असतो.
तुमच्या पत्रात त्याला हाताला धरून परत आणा.
कोणी काय केलं, एवढंच.

रात्री हीटर पायाशी घेऊन दुकानातच बसले.
ज्या विहिरीवर आजोबांनी उंटांना पाजलं,
जिच्या दगडी काठावर दोरांनी खोबणी पाडल्या,
जिच्यापाशी पोहरा ओढताना आईला माझ्या कळा सुरू झाल्या,
जिचं पाणी दिवसाला सहा खेपा करून
खाणीच्या रस्त्यावर, धूळ बसावी म्हणून, ओतलं,
ती विहीर

आणि इथे कर्ता हवा होता.

गोम्बोसुरेन. माझा धाकटा भाऊ.
उंट विकल्यापासून कंपनीचा टँकर चालवतो.
केशरी जाकीट त्याला खांद्यात जरा मोठं होतं.
वर्गाची फी त्यानेच भरली,
नोटा मोजून, दोनदा.

'माझ्या भावाने' इथपर्यंत लिहिलं.
यालाही नाव आहे, पुढच्या गुरुवारी कळलं:
अपॉझिओपेसिस, वाक्य मध्येच सोडून देणं.
आमच्याकडे याला
चहा ओतायला उठणं म्हणतात.

पत्र गेलं. त्सेरेननादमिदने स्वतः शिक्का मारला.
त्यात झ्यूग्मा आहे, लायटोटीज दोन,
इर्रेव्होकेबल एकदा, स्पेलिंग बरोबर.
आणि विहिरीच्या त्या लांबलचक वाक्याच्या टोकाला,
बाईंना न दाखवता, मी लिहिलंय:

आटवली गेली.